सायकलिंगचे हलके, आरामदायी ग्लोव्हज कसे निवडायचे? विकणाऱ्याने आधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर सात प्रकारचे सायकलिंग ग्लोव्हज मांडून दाखवले. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यामुळे बरंच काही सांगायचं राहिलं. पैशांचा हिशोब तर दाखवताच आला नाही. म्हणून हा लेख लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मधे थोडं गणित आहे.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. सुरगाण्यात सायकलचे ग्लोव्हज घेणार कोण? इथे लोक पाचशे रुपयांची चप्पल घेताना तीन दुकानं फिरतात, मग हातमोज्यांवर खर्च कशाला करतील? प्रश्न बरोबर आहे. पण गिऱ्हाईक कुठून येतं ते नीट बघा.

आपला जिल्हा सायकलवाल्यांचा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. पुढे २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची मंडळी आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी काढतात. ब्रेवे म्हणून एक प्रकार असतो, त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण करायचे असतात. अशा राइडची तयारी करणारे लोक सुट्टीच्या दिवशी लांबचे रस्ते शोधतात, आणि नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव, हतगड करत सापुताऱ्याला जाणारा रस्ता त्यांना फार आवडतो. त्यातलं बोरगाव आणि हतगड आपल्याच तालुक्यात आहे. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः पॅडल मारत आपल्या दारापर्यंत येतंय, आणि आपण त्याला चहा आणि स्ट्रॉबेरी सोडून काहीच विकत नाही!

दुसरं गिऱ्हाईक गावातलंच आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेतल्या मुलींना सायकली मिळतात, त्या रोज चढ-उताराच्या रस्त्याने शाळा गाठतात. त्या मुलींना तीनशेचे ग्लोव्हज विकायला जाऊ नका. त्यांच्यासाठी काय करायचं ते पुढे सांगतो. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नव्याने गिअरची सायकल घेतलेले आपले शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले लोक, जे सकाळी व्यायामाला निघतात. खरं सांगू, माझ्या दुकानात हेच सगळ्यात जास्त ग्लोव्हज घेतात. लांबून येणारा रायडर बहुतेक वेळा घरूनच घालून आलेला असतो. त्याचा एक हरवतो किंवा फाटतो, तेव्हाच तो आपल्याकडे वळतो.

आधी हात समजून घ्या

माल विकायचा तर त्याचं काम माहिती पाहिजे. ग्लोव्हज कशासाठी? बरेच दुकानदार सांगतात, “पडल्यावर हात खरचटत नाही.” हे खरंच आहे. माणूस पडताना सगळ्यात आधी हात पुढे टेकवतो. पण रोजचं दुखणं वेगळं असतं.

तुमचा तळहात समोर धरा. मनगटाच्या जवळ, करंगळीच्या बाजूला एक छोटं टणक हाड लागतं. त्याच्या शेजारून अल्नर नावाची नस जाते. करंगळीला आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना तीच पुरवते, बोटांचे बरेच छोटे स्नायूही तीच चालवते. सायकलच्या हँडलवर वजन टाकून तास-दोन तास बसलं की नेमकी ही जागा दबते. मग करंगळीत मुंग्या येतात, बोट बधीर होतं. जास्तच झालं तर चिमटीत किल्ली धरून फिरवायलाही जोर लागत नाही. डॉक्टर याला सायकलवाल्यांचं दुखणं म्हणूनच ओळखतात. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधीर होत असेल, तर दबतेय ती दुसरी नस, मीडियन. ती मनगटाच्या बरोबर मधून जाते.

आता हे दोन मुद्दे लक्षात ठेवले की निम्मे ग्लोव्हज तुम्ही पाकीट उघडायच्या आधीच बाजूला ठेवाल. कारण स्वस्त मालात पॅड कुठे असतं? बरोबर तळहाताच्या मधोमध, दिसायला छान गोल. म्हणजे ज्या नसेवर दाब नको तिथेच उंचवटा. चांगल्या ग्लोव्हजमध्ये पॅड दोन बाजूंना असतं, एक करंगळीच्या बाजूच्या मांसल भागावर आणि एक अंगठ्याच्या गादीखाली. मधे खाच सोडलेली असते. हाताने चाचपून बघा, ती खाच बोटाला लागते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकलस्वारांच्या तळहातावरचा दाब मोजला होता. पॅडवाल्या ग्लोव्हजमुळे करंगळीच्या बाजूचा दाब १० ते २८ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा मी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो, कारण त्यातून दोन्ही गोष्टी कळतात. फरक पडतो, पण दाब पूर्ण जात नाही. “हे घाला, हात दुखणारच नाही” असं बोलून विकलेला माल आठ दिवसांत परत येतो.

पॅड जाड म्हणजे चांगलं का?

नाही. पण गिऱ्हाईक दुकानात उभं राहून अंगठ्याने दाबतं, आणि जे जास्त गुबगुबीत लागतं तेच उचलतं. इथे तुमचं काम सुरू होतं.

पॅड जाड झालं की हँडलची जाडीही तितकी वाढते. मग मूठ नीट बंद होत नाही, पकड टिकवायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि हाताचा पुढचा भाग भरून येतो. हतगडच्या घाटातून खाली उतरताना ब्रेक सतत धरावा लागतो, तिथे हे फार जाणवतं. रस्त्याच्या सायकलसाठी तीन-चार मिलिमीटरचं घट्ट पॅड पुरतं. खडी उघडी पडलेल्या रस्त्यासाठी थोडं जास्त चालेल.

जेल की फोम? जेल हाताला लगेच मऊ लागतं म्हणून विकायला सोपं. पण हलकं, स्वस्त जेल दाबाखाली बाजूला सरकतं, आणि जिथे हवं तिथेच पातळ होतं. घट्ट फोम पहिल्यांदा हाताला कोरडा लागतो, पण तो जागचा हलत नाही, वजनालाही कमी. एक सोपी चाचणी सांगतो. ग्लोव्ह टेबलाच्या कडेवर ठेवा, पॅडवर अंगठा रोवून दहा सेकंद जोरात दाबा. खालची कड अंगठ्याला टोचली तर ते पॅड फक्त शोभेचं. अंगठा काढल्यावर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला, तर दोन महिन्यांत ते पॅड पापडासारखं होणार.

आरामदायी आणि हलकं हवं असेल तर माझं मत फोमकडे झुकतं. मऊपणावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जेलची एक-दोन जोडी ठेवा, पण दोन्ही हातात वेगवेगळे घालून हँडल पकडायला सांगा. एका हातात जेल, एका हातात फोम. निर्णय ते स्वतः घेतं.

हलकं म्हणजे किती?

आमच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी सगळे सात जोड तोलले. अर्ध्या बोटांचे हलके जोड साधारण ४० ते ७० ग्रॅममध्ये बसतात. मोटारसायकलचे ग्लोव्हज जे लोक सायकलसाठी वापरतात, ते याच्या तिप्पट-चौपट.

आता वीस-तीस ग्रॅम वाचले म्हणून कुणी सापुताऱ्याला दहा मिनिटं लवकर पोहोचत नाही. मग हलकेपणा बघायचा कशाला? कारण वजनावरून कापड कळतं. जड ग्लोव्हमध्ये दुहेरी थर, जाड अस्तर किंवा टॉवेलचं कापड असतं. ते घाम पितं आणि धरून ठेवतं. कोरडं असताना साठ ग्रॅमचं असलेलं एका तासाने घामाने चिंब होऊन हातात लटकतं. ओल्या कातडीला शिवण घासली की फोड येतो.

म्हणून तोलायचं ते ओलं झाल्यावर. सँपलचा जोड पाण्यात पाच मिनिटं बुडवा, पिळा, आणि तोला. मग सावलीत दोरीवर टाकून तासाभराने परत तोला. ज्याचं वजन लवकर खाली येतं तो आपल्या हवेला चालेल. ही चाचणी फुकट आहे, आणि व्हिडिओ काढून स्टेटसला टाकली तर जाहिरातही होते.

मागची बाजू, म्हणजे हाताच्या पाठीवरची, जाळीदार किंवा लायक्राची हवी. तळव्याला मायक्रोफायबर, म्हणजे नकली चामड्यासारखं पातळ कापड. अंगठ्यावर टॉवेलचा छोटा तुकडा असतो, तो कपाळाचा घाम आणि (स्पष्टच बोलूया) नाक पुसायला. तो असू द्या, लोक वापरतात. खरं चामडं मात्र आपल्याकडे नको. सुरगाण्याचा पाऊस तुम्हाला माहिती आहे. चामडं एकदा भिजलं की वाळून कडक होतं, आणि दुकानात पडून राहिलं तर ऑगस्टमध्ये त्यावर बुरशी येते.

माप: सगळा धंदा इथेच आहे

ऑनलाइन माल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो, हे मान्य करून टाका. त्यांच्याशी किमतीत भांडू नका. पण मोबाइलवर हात घालून बघता येत नाही, आणि ग्लोव्हजमध्ये माप चुकलं की बाकी सगळं वाया. तुमच्या छोट्या दुकानाची ताकद ती.

माप घ्यायला शिंप्याची टेप लागते, वीस रुपयांची. उजवा हात थोडा सैल उघडा ठेवायला सांगा. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी जी गाठ येते तिथून तळहाताभोवती टेप फिरवा. आवळू नका. जो आकडा येईल तो सेंटिमीटरमध्ये लिहा आणि मग त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. ‘त्या कंपनीच्या’ हा शब्द महत्त्वाचा. एकाचा एम हा दुसऱ्याचा एल असतो. विशेषतः बाहेरून आलेला स्वस्त माल मापाला लहान येतो. त्यामुळे पाकिटावरच्या अक्षरावर जाऊ नका. प्रत्येक नवीन लॉट आला की एक-एक जोड स्वतः घालून बघा, आणि मागे आपल्या पेनाने खरं माप लिहून ठेवा.

आपल्या भागातली एक गोष्ट शहरातला होलसेलर तुम्हाला सांगणार नाही. शेतात, नांगरावर, खुरपणीला काम केलेला हात रुंद असतो, आणि बोटं त्या मानाने आखूड. माणूस उंचीने लहान दिसतो म्हणून तुम्ही एस काढून देता, तो तळव्यात बसतच नाही. एल दिला तर बोटांची टोकं मोकळी लटकतात. अशा हाताला अर्ध्या बोटांचे ग्लोव्हजच बरे, कारण तिथे बोटांच्या लांबीचा प्रश्नच राहत नाही. तळव्याला बसलं की झालं.

घातल्यावर मूठ बंद करायला सांगा. तळव्यात कापडाची घडी पडली तर मोठं होतंय. ती घडीच पुढे फोड आणते. बोटांच्या बेचक्यात ओढ बसली तर लहान. पाच मिनिटं तसंच घालून ठेवा, गप्पा मारा, चहा सांगा. मग काढून हातावर शिवणीचे वळ उमटलेत का ते बघा. लाल रेघ दिसली, तर दोन तासांच्या राइडमध्ये काय होईल? वेलक्रोची पट्टी मनगटाच्या हाडावर येता कामा नये, आणि शेवटपर्यंत ओढावी लागली तर समजा की माप मोठं आहे.

हँडल पकडून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात जुन्या सायकलचं हँडल ब्रेकसकट भिंतीला ठोकून ठेवा. भंगारात मिळतं. गिऱ्हाइकाने ग्लोव्हज घालून दोन बोटांनी ब्रेक ओढून बघावा. हवेत हात हलवून ग्लोव्हज कळत नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट म्हणजे काढायची सोय. घामेजलेल्या हातातून घट्ट ग्लोव्ह निघत नाही, म्हणून चांगल्या ग्लोव्हजला मधल्या दोन बोटांवर छोटे फासे किंवा पट्ट्या असतात. त्या ओढून काढायचं. नसतील तर लोक दाताने ओढतात आणि शिवण उसवते. मग तुमच्याकडे येऊन म्हणतात, “दादा, माल कच्चा दिला तुम्ही.”

अर्धी बोटं की पूर्ण?

वर्षातले आठ-नऊ महिने अर्धी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घाटात वारा बोटांना झोंबतो, तेव्हा पूर्ण बोटांचे पण पातळ. पूर्ण बोटांच्या जाड, अस्तरवाल्या ग्लोव्हजचा मोह टाळा. आपल्याकडे नऊ वाजता ऊन तापतं आणि मग ते काढून खिशात कोंबावे लागतात. पातळ पूर्ण बोटांचे मोटारसायकलवालेही घेतात, म्हणून ते पडून राहत नाहीत. मोबाइल चालतो का हे प्रत्येक जण विचारतोच. तर्जनीच्या टोकाला वेगळ्या रंगाचं कापड असलं म्हणजे चालेलच असं नाही, तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर लावून बघा आणि मगच हो म्हणा.

कधी ग्लोव्हज विकायचे नाहीत

एखादा येऊन म्हणाला, “हाताला मुंग्या येतात, ग्लोव्हज द्या,” तर लगेच गल्ल्याकडे बघू नका. बाहेर जाऊन त्याची सायकल बघा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि अंगाचं सगळं वजन हातावर येतं. सीट पाना लावून सपाट करायला दोन मिनिटं लागतात. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तरी तेच. टायरमध्ये हवा दगडासारखी भरली असेल तर प्रत्येक खडा मनगटात वाजतो. शाळेच्या मुलींच्या सायकलींचं म्हणाल, तर बहुतेक वेळा हँडलची मूठ झिजून आतला लोखंडी पाइप हाताला लागत असतो. तिला साठ-सत्तर रुपयांची रबरी मुठींची जोडी बसवून द्या, ताईचा हात दुखायचा थांबतो. ग्लोव्हजची गरजच नाही.

तुम्ही म्हणाल, मग माझा धंदा? ज्याची सीट तुम्ही सरळ करून दिली तो ट्यूब, ब्रेक शू, चेन, सगळं तुमच्याकडूनच घेतो, आणि आठ दिवसांनी ग्लोव्हजही. सीट, हँडल, ग्लोव्हज सगळं करूनही बधिरपणा राहत असेल, किंवा रात्री झोपेत पण येत असेल, तर डॉक्टरकडे पाठवा. तिथे दुकानदाराने डोकं चालवायचं नाही.

माल घेताना

फोटो बघून डझनभर ऑर्डर देऊ नका. आधी दोन सँपल, ते पैसे देऊन घ्या. एक जोड उलटा करून शिवण बघा. टाके बारीक आणि सारखे हवेत, बोटांच्या बेचक्यात दुहेरी टाका हवा, आतल्या बाजूने धाग्यांची टोकं लोंबत नसावीत. पॅड कापडात शिवलेलं आहे की नुसतं चिकटवलंय ते चाचपा. पांढऱ्या रुमालावर ओला ग्लोव्ह चोळा, रंग जातो का कळेल. काळा रंग सुटला तर गिऱ्हाइकाचे हात काळे, आणि तोंड तुमचं. वेलक्रो पन्नास वेळा उघडझाप करा, टीव्ही बघता बघता होतं. मग तो जोड स्वतः किंवा एखाद्या रोज सायकल चालवणाऱ्या मित्राला पंधरा दिवस वापरायला द्या.

पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. वजन-मापे कायद्याच्या नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर हे लागतंच. उघड्या पिशवीत आलेला बिननावाचा माल स्वस्त पडतो, पण खराब निघाला तर दाद कुणाकडे मागणार? आणि बिल पक्कंच घ्या. होलसेलर “कच्ची चिठ्ठी देतो, थोडं कमी लावतो” म्हणतो. त्या चिठ्ठीवर माल बदलून मिळत नाही आणि उद्या मुद्रा लोनसाठी बँकेत गेलात तर खरेदीचा कागद म्हणून दाखवताही येत नाही.

आता गणित

आमच्या ट्रेनिंगला एक मुलगा आला होता. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे कामाला जाऊन त्याने पंधरा हजार साठवले होते. म्हणाला, “दादा, सायकलच्या वस्तूंचं दुकान टाकतो. ग्लोव्हज, हेल्मेट असा भारी माल ठेवतो. सगळे पैसे त्यातच घालू का?” घरात दुसरी बचत नव्हती. हे पंधरा हजार अडकले तर पुढच्या हंगामाला तो परत कामावर जाणार, आणि दुकान हा विषय घरात कायमचा बंद होणार. म्हणून आम्ही फळ्यावर एकाच वस्तूचा हिशोब मांडला. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा वीस जोड घेतले, १६० रुपयांप्रमाणे. झाले ३,२०० रुपये. गाडीभाडं २०० धरलं की ३,४००, म्हणजे एक जोड १७० ला पडला. मापं कशी घ्यायची? एस ४, एम ८, एल ६, एक्सएल २. होलसेलर ‘प्रत्येक मापाचे पाच’ असं गठ्ठ्यात देतो, ते घेऊ नका. टोकाची मापं पडून राहतात.

विक्री ३०० ला. त्याने लगेच वीस गुणिले १३० केलं आणि २,६०० फायदा सांगितला. मी म्हटलं, थांब. वीसच्या वीस पूर्ण किमतीला कधीच जात नाहीत. सोळा गेले धरू, ४,८०० आले. एक जोड उसवला म्हणून बदलून द्यावा लागला, त्याचे शून्य. उरलेले तीन शेवटी पडत्या भावाला, १७० ने, म्हणजे ५१०. एकूण जमा ५,३१०. त्यातून ३,४०० वजा केले की राहिले १,९१०. हे वीस जोड सुरगाण्यासारख्या ठिकाणी संपायला चार महिने लागले तर महिन्याला पडले ४७७ रुपये ५० पैसे. दुकानाचं भाडं यातून निघेल का? निघणार नाही. उधारी दिली तर तेवढेही नाहीत.

मुलगा गप्प झाला. पण फळा पुसायच्या आधी दुसरी बाजूही मांडली. ३,४०० वर चार महिन्यांत १,९१० हा परतावा काही वाईट नाही. फक्त ती वस्तू एकटी दुकान चालवू शकत नाही. दुकान चालवतं पंक्चर, ट्यूब, ब्रेक शू, केबल, चेनचं तेल आणि हाताचं काम. त्यात मजुरी तुमच्या खिशात राहते. ग्लोव्हज हे त्या गिऱ्हाइकाच्या हातात जाता जाता ठेवायची वस्तू. म्हणून पंधरा हजारांतले साडेतीन हजारांपेक्षा जास्त यात घालू नका, आणि त्यातलेही पहिल्यांदा निम्मेच. दहा जोड. कुठलं माप आधी संपतं हे वहीत लिहा, दुसरी ऑर्डर त्या वहीवरून.

त्याने सहा हजारात हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचं सामान घेतलं, आणि दहा जोड. उरलेल्या पैशांतले चार हजार खात्यात तसेच ठेवायला लावले. त्याबद्दल तो माझ्यावर थोडा नाराजच होता.

विकताना

दहापैकी एक जोड कायमचा ट्रायलचा ठेवा, प्रत्येक मापाचा. तो विकायचा नाही, त्याची किंमत खर्चात धरा. दुकानात हात धुवायला पाणी आणि नॅपकिन ठेवा, नाहीतर चेनच्या काळ्या हातांनी नवीन माल खराब होतो. धुवायचं कसं तेही सांगा. थंड पाणी, साधा साबण, पिळताना पॅड मुरगळायचं नाही, सावलीत वाळवायचं, आणि धुताना वेलक्रो बंद ठेवायचं. उघडं राहिलं की त्याची काटेरी बाजू लायक्राचे धागे ओढते आणि ग्लोव्ह महिन्याभरात जुना दिसायला लागतो. एवढं सांगितलं की परत येणाऱ्या तक्रारी निम्म्या होतात.

बदलून द्यायचा नियम आधीच ठरवा आणि पाटीवर लिहा. आमच्याकडे शिवण उसवली तर तीस दिवसांत बदलून, माप चुकलं तर न वापरलेला जोड सात दिवसांत बदलून. पैसे परत नाहीत. पाटी असली की वाद होत नाही, आणि ओळखीचे मामा-काका आले तरी बोट दाखवता येतं.

बोरगाव, हतगडकडच्या लोकांसाठी एक वेगळी कल्पना आहे. स्ट्रॉबेरीच्या हंगामात रस्त्याकडेला स्टॉल लागतात, तिथे सायकलवाले थांबतातच. तुमच्या ओळखीच्या स्टॉलवाल्याकडे पाच जोड आणि एक ट्यूबचा डबा ठेवून बघा. विकलं तर जोडामागे तीस-चाळीस रुपये त्याचे, नाही विकलं तर माल तुमचा परत. त्याची गुंतवणूक शून्य, म्हणून तो तयार होतो. फक्त माल उन्हात टांगू देऊ नका. लायक्रा आणि फोम दोन्ही उन्हाने मरतात, रंगही उडतो.

आणि थंडीच्या पूर्ण बोटांच्या मालाची सँपल आत्ताच मागवा. दिवाळीनंतर सगळेच मागवतात, तेव्हा होलसेलर मापं निवडू देत नाही, गठ्ठा हातात ठेवतो. सँपल आलं की आधी टेबलाची कड, मग पाण्याची बादली, मग पांढरा रुमाल. व्हिडिओत सहाव्या मिनिटापासून या तिन्ही चाचण्या करून दाखवल्यात, तो भाग परत बघून घ्या.